रानडुक्कर, लांड्राट्सआम्ट आणि रात्रीची दुर्बीण

२०२१ च्या ऑगस्टमधली गोष्ट. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आम्ही नुकतेच राहायला गेलो होतो. शेजारचे शेतकरी आजोबा, वय सत्तरीच्या पुढे, एका सकाळी म्हणाले, चल, तुला माझा मका दाखवतो. बाहेरून शेत हिरवंगार, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. आत शिरलो तर मधोमध दोन खोल्यांएवढी जागा भुईसपाट. ताटं मोडलेली, कणसं अर्धवट चावून टाकलेली, ओल्या मातीत खुरांचे ठसे. माझ्या तोंडून आपसूक मराठी निघालं, "डुकरं!"

आजोबांना शब्द कळला नाही, पण माझा चेहरा कळला असावा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला. आमच्याकडे हरभरा, भुईमूग, सोयाबीन काहीही पेरा, वाटेकरी ठरलेले असतात. बाबांच्या कितीतरी रात्री मचाणावर जागल करण्यात गेल्या. हातात बत्ती आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. बंदूक घरात कधीच नव्हती. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, मचाणाला होखझिट्झ म्हणतात, त्याला छप्पर असतं आणि आत गालिच्याचा तुकडाही टाकलेला असतो, बाकी रात्र तशीच लांब असते.

एक मोठा फरक मात्र आहे. इथे रानडुकरांनी पीक तुडवलं की शेतकऱ्याने आठवड्याच्या आत नुकसान कळवायचं, आणि भरपाई बहुतेक ठिकाणी त्या रानाचा शिकारीचा ठेका घेतलेल्या माणसाच्या खिशातून जाते. म्हणजे डुकरं आटोक्यात ठेवणं हे ठेकेदाराच्या गळ्याशी आलेलं काम. डुकरं येतात रात्री. आणि रात्री बंदुकीतून नीट दिसण्यासाठी जे उपकरण लागतं, ते जर्मन शस्त्र कायद्याच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहे. मुठीत धरायच्या कट्यारीच्या शेजारी, त्याच परिशिष्टात.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, दुकानात मिळतं म्हणजे घेता येत असणार. पुढची जवळजवळ तीन वर्षं मी हेच शिकत होतो की असं नसतं. इथल्या मराठी मंडळींपैकी दोन-तीन जणांनी अलीकडे याबद्दल विचारलं म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. मी यातून गेलो ते २०२१ ते २०२४ या काळात आणि बायर्नमध्ये. तुमचं राज्य वेगळं असेल तर तिथलं आधी विचारा, का ते पुढे येईल.

पहिली खरेदी आणि पहिला घाम

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी हातात धरायची थर्मल, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून चित्र दाखवणारी, दुर्बीण घेतली. १,४०० युरो. बायको म्हणाली, एवढ्या पैशांत आपण दोनदा नागपूरला जाऊन आलो असतो. खरं होतं. पण अंधारात कुंपणापलीकडे चरणारी हरणं, धावणारा कोल्हा, झाडाच्या ढोलीतून डोकावणारं ऊबदार काहीतरी, हे पाहताना मुलगी आणि मी तासन्‌तास खिडकीत उभे राहायचो. नुसतं पाहण्यासाठी अशी दुर्बीण कुणीही बाळगू शकतो, परवाना लागत नाही.

गोची पुढे झाली. दुकानदार म्हणाला, हेच उपकरण बंदुकीवरच्या स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, पुढेही बसतं, ही अडॅप्टरची रिंग घ्या, सवलतीत देतो. मी घेणारच होतो. स्वस्तात मिळतंय तर नको कशाला, ही आपली सवय. रिंग पिशवीत पडलीही होती. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका माणसाने, हिरवी टोपी, हातात काडतुसांची पेटी, शांतपणे विचारलं, "याग्डशाइन आहे ना तुमच्याकडे?" म्हणजे शिकारीचा परवाना. नव्हता. तो म्हणाला, "मग रिंग ठेवा इथेच. जोडलीत की त्या वस्तूचं नाव बदलतं."

वाक्य विचित्र वाटलं, पण घरी येऊन कायदा वाचला तेव्हा कळलं की ते अगदी मोजूनमापून बोललेलं होतं. हातातली दुर्बीण ही दुर्बीण. तीच स्कोपला जोडली की ती 'नाख्टझिश्टफोरझाट्स', म्हणजे स्कोपच्या पुढच्या भिंगाला लावायचं रात्रीचं उपकरण. आणि परवाना नसलेल्याने ते बाळगलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. मी रात्री अकरा वाजता उठून पिशवी पुन्हा तपासली. रिंग नव्हती. तरी पुन्हा तपासली.

तो हिरव्या टोपीवाला पुढे माझ्या शिकारीच्या वर्गात शिकवायला निघाला. गाव लहान असलं की असंच होतं.

तीन वस्तू, तीन नावं

इथे जरा थांबतो, कारण सगळा गोंधळ नावांचाच आहे, आणि मराठीत एकच 'नाइट व्हिजन' म्हणून आपण मोकळे होतो.

पहिली वस्तू नाख्टत्सीलगेरेट: रात्रीसाठीच बनवलेला स्वतंत्र स्कोप. आत सेन्सर, पडदा, नेम धरायची खूण, सगळं एकात. बंदुकीवर थेट बसतो. हा निषिद्ध. शिकाऱ्यालाही निषिद्ध. त्यासाठी केंद्रीय गुन्हे अन्वेषण कार्यालयाची, म्हणजे बीकेएची, खास सूट लागते आणि ती साध्या शिकाऱ्याला मिळेल अशी आशा धरू नये.

दुसरी फोरझाट्स: आपला नेहमीचा दिवसाचा स्कोप तसाच ठेवून त्याच्या पुढे लावायचं उपकरण. तिसरी आउफझाट्स: तसंच, पण मागे, डोळ्याच्या बाजूला लावायचं. या दोन्हीही आधी सगळ्यांनाच निषिद्ध होत्या. २० फेब्रुवारी २०२० पासून शस्त्र कायद्याच्या कलम ४० मध्ये एक वाक्य आलं: वैध याग्डशाइन असलेल्याला शिकारीच्या कामासाठी फोरझाट्स आणि आउफझाट्स बाळगता येतील. आणि लगेच पुढचं वाक्य: शिकार कायद्यातली बंदी मात्र जशीच्या तशी राहील.

हे दुसरं वाक्य लोक वाचतच नाहीत. मीही वाचलं नव्हतं. केंद्राचा शिकार कायदा, कलम १९, सांगतो की बंदुकीसाठीची इलेक्ट्रॉनिक नेम-उपकरणं आणि लक्ष्यावर प्रकाश टाकणारी साधनं शिकारीत वापरायची नाहीत. म्हणजे शस्त्र कायदा म्हणतो बाळग, शिकार कायदा म्हणतो वापरू नकोस. मधली वाट राज्यं काढतात. माझ्या वेळी बायर्नने रानडुकरापुरती ती बंदी उठवलेली होती. रानडुकरापुरतीच. हरीण दिसलं तर तोच स्कोप, तीच बंदूक, तोच माणूस, आणि बेकायदा.

ही ढील का मिळाली तेही सांगून टाकतो. रानडुकरांची संख्या वाढत होती आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर पूर्वेकडून सरकत येत होता. १० सप्टेंबर २०२० ला ब्रांडेनबुर्गमध्ये जर्मनीतल्या पहिल्या बाधित रानडुकरावर शिक्कामोर्तब झालं. माणसाला या रोगाचा धोका नाही, पण पाळीव डुकरांचे गोठे रिकामे होतात. तेव्हा हा कायद्याचा उदारपणा नव्हे, डुक्करपालकांची भीती आहे.

वर्ग, परीक्षा, आणि एक नापास

याग्डशाइनशिवाय पुढचं काही नाही, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्गात नाव घातलं. फी २,३५० युरो, त्यात गोळाबारीचा सराव धरून. बायर्नमध्ये किमान १२० तासांचं शिक्षण सक्तीचं आहे, निम्मं वर्गात, निम्मं बाहेर. आमचा वर्ग दर शनिवारी, शिवाय बुधवारी संध्याकाळी. या परीक्षेला लोक 'हिरवी बारावी' म्हणतात. पहिल्या महिन्यात हसू आलं, तिसऱ्या महिन्यात थांबलं.

सोळा जणांत मी एकटा परदेशी. भाषेचा त्रास जर्मनचा नव्हता, शिकाऱ्यांच्या जर्मनचा होता. त्यांच्यात रक्ताला रक्त म्हणत नाहीत, 'घाम' म्हणतात. हरणाच्या कानाला 'ऐकणारे' म्हणतात. नर डुक्कर कायलर, मादी बाखे, पिल्लं फ्रिशलिंग. मी मुलीच्या जुन्या वहीत मराठीत सगळे शब्द लिहून काढले. त्या वहीत एका पानावर 'बाखे = डुकरीण, पिल्लं असतील तर हात लावायचा नाही' असं दोनदा अधोरेखित केलेलं आहे.

जे शिकलो त्यातलं निम्मं बंदुकीशी संबंधितच नव्हतं. झाडं, पिकं, कुत्री, मांसाची तपासणी. रानडुक्कर मारलं की ट्रायकिनेला या कृमीसाठी नमुना द्यावाच लागतो, निकाल येईपर्यंत घास घ्यायचा नाही. आमच्या भागात आणखी एक मापन असतं: १९८६ च्या चेर्नोबिलचं किरणोत्सर्गी सीझियम अजूनही जंगलाच्या मातीत आहे, डुकरं ती माती उकरून तिच्यातल्या एका प्रकारच्या भूछत्रांवर ताव मारतात, आणि किलोमागे ६०० बेकरेलच्या वर गेलेलं मांस विकता येत नाही. हे ऐकून मी घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "मंग मारता कायले?"

फेब्रुवारी २०२३ मध्ये लेखी परीक्षा. शंभर प्रश्न, सगळे जर्मनमध्ये. पास झालो. तोंडी आणि प्रात्यक्षिकाला मात्र पडलो, आणि कारण सांगायला लाज वाटते म्हणूनच सांगतो. परीक्षकाने टेबलावरची बंदूक उचलायला सांगितली. हातात घेतल्याबरोबर, तोंड उघडायच्याही आधी, बोल्ट उघडून आत काही नाही ना हे बघायचं, हे वर्षभर रोज केलेलं. त्या दिवशी मी बंदुकीची माहिती सांगायला लागलो आणि बोल्ट तसाच बंद. परीक्षकाने पेन खाली ठेवलं. संपलं. घरी येताना गाडीत रेडिओही लावला नाही.

ऑगस्टमध्ये तोच भाग पुन्हा दिला. यावेळी बोल्ट इतक्या जोरात उघडला की परीक्षक हसले. तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन की पुस्तक मित्राच्या हातात द्या, प्रश्न त्याला विचारू द्या, आणि उत्तर देताना हातांनी काहीतरी काम चालू ठेवा. बोलणं आणि हात एकत्र चालण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

नऊ आठवडे

परीक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तो जिल्हा कार्यालय देतं, लांड्राट्सआम्टमधला शिकार विभाग. सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला: प्रमाणपत्र, फोटो, पासपोर्ट, राहण्याचा परवाना आणि शिकारीचा विमा. विम्यात माणसाच्या इजेसाठी किमान ५ लाख आणि वस्तूंच्या नुकसानीसाठी ५० हजार युरोचं संरक्षण लागतं. प्रत्यक्षात याहून बरंच जास्त संरक्षणही वर्षाला जेमतेम एका चांगल्या जेवणाच्या पैशांत मिळालं.

आता परदेशी नागरिकांसाठी महत्त्वाचं. शिकार कायद्याच्या कलम १७ मध्ये लिहिलं आहे की जर्मन नसलेल्याला, किंवा तीन वर्षं सलग इथे न राहिलेल्याला, याग्डशाइन नाकारता 'येऊ शकतो'. शस्त्र कायद्यात आणखी एक आकडा आहे: पाच वर्षं इथे वास्तव्य नसेल तर शस्त्राची परवानगी नाकारता येऊ शकते. 'येऊ शकते' म्हणजे नाकारतीलच असं नाही, अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. मी २०१५ पासून इथे आहे, म्हणून निभावलं. पण नुकतेच आलेल्यांनी २,००० युरोचा वर्ग लावण्याआधी कार्यालयात जाऊन हे विचारावं. माझ्या ओळखीच्या एकाने विचारलं नाही, आता त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि तो वाट बघतोय.

खिडकीमागच्या बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं की विश्वासार्हतेची तपासणी होईल: गुन्ह्यांची केंद्रीय नोंद, सरकारी वकिलांकडची नोंद, स्थानिक पोलीस, आणि २०२० पासून घटनेच्या संरक्षणासाठीचं गुप्तवार्ता खातंही. "किती दिवस?" "ते आमच्या हातात नाही."

तिसऱ्या आठवड्यात मी ईमेल केला. उत्तर नाही. पाचव्यात फोन. "चालू आहे." सहाव्यात त्यांचा फोन आला, आधीच्या दोन पत्त्यांच्या नोंदणीचे कागद हवेत. ते कागद माझ्याकडे होते, कारण बाबांची शिस्त: रेशन कार्डाच्या झेरॉक्ससुद्धा पत्र्याच्या पेटीत. त्या पेटीला मी इतकी वर्षं हसत आलो होतो.

वाट बघण्याच्या दिवसांत मनात नको ते येतं. नाव वाचून कुणी थबकलं असेल का? २०१७ मध्ये वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड भरला होता, तो निघेल का? यातलं काहीही झालं नाही. नवव्या आठवड्यात, १० नोव्हेंबरला पत्र आलं: येऊन घेऊन जा. तीन वर्षांचा परवाना, सगळं शुल्क मिळून दोनशे युरोच्या थोडं खाली. शिकारीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये घेतला की पहिल्या वर्षाचे सात महिने बुडीत. घाई नसेल तर मार्चअखेर घ्या. मला घाई होती.

तिजोरी आधी, बंदूक नंतर

बंदुकीसाठी 'ग्रेड ०' प्रमाणित तिजोरी लागते, जुलै २०१७ पासूनचा नियम. माझी ९२० युरोची, वजन १४० किलो. दोन माणसांनी जिन्यावरून चढवली आणि एक पायरी तडकली, तिचे १८० युरो वेगळे. किल्लीवाली नको, आकड्यांच्या कुलपाची घ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की तिजोरीची किल्लीही तिजोरीइतक्याच मजबूत ठिकाणी हवी. मग त्या किल्लीची किल्ली कुठे ठेवायची, हा प्रश्न आमच्या गटात आठवडाभर चालला.

मग वापरलेली .३०८ ची बोल्ट बंदूक घेतली आणि दोन आठवड्यांच्या आत तिची नोंद शस्त्र-कार्डात करून आणली. रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे नळीचं माप, आणि १०० मीटरवर किमान २,००० जूल ऊर्जा लागते, त्यात ही आरामात बसते. गंमत म्हणजे इथे शिकाऱ्यांमध्ये अगदी सर्रास दिसणारा हा बोअर भारतात लष्करी ७.६२ शी जुळतो म्हणून साध्या परवान्यावर मिळत नाही.

उपकरण

जानेवारी २०२४. दुकान तेच, माणूस तोच. यावेळी त्याने परवाना मागितला, दोन्ही बाजूंनी पाहिला, त्याचा क्रमांक पावतीवर लिहिला. थर्मल फोरझाट्स २,८९० युरो, अडॅप्टर १५५. उपकरणाची नोंद शस्त्र-कार्डात होत नाही, म्हणून पावती हाच पुरावा. मी तिची एक प्रत तिजोरीत ठेवली आहे आणि एक पत्र्याच्या पेटीत. हो, मीही पेटी घेतली.

अडॅप्टर घेण्याआधी स्कोपच्या पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. कागदावर ५६ लिहिलेलं असतं ते भिंगाचं माप, नळीचं नव्हे. मी कागद वाचून गेलो आणि एक चक्कर फुकट गेली.

थर्मल का, साधं नाइट व्हिजन का नाही? साध्याला मिट्ट काळोखात अवरक्त प्रकाशाची जोड लागते. आणि लक्ष्यावर प्रकाश टाकणारं, बंदुकीवर बसणारं साधन ही निषिद्ध यादीतली स्वतंत्र नोंद आहे. २०२० च्या त्या वाक्यात फक्त फोरझाट्स आणि आउफझाट्सचं नाव आहे, दिव्याचं नाही. दिव्याबद्दल राज्यागणिक आणि माणसागणिक वेगळी उत्तरं ऐकली. थर्मलला दिवाच लागत नाही, म्हणून मी तो वाद पैसे देऊन टाळला.

एवढं होऊनही मन खात होतं. म्हणून फेब्रुवारीत लांड्राट्सआम्टला ईमेल केला, तीन सरळ प्रश्न: हे उपकरण या जिल्ह्यात रानडुकरासाठी वापरता येईल का? ठेकेदाराची लेखी परवानगी पुरेशी आहे का? इतर कोणत्या प्राण्यासाठी चालेल? बारा दिवसांनी उत्तर आलं, चार ओळींचं. हो. हो. नाही. त्याचीही छापील प्रत काढली. कार्यालयाला 'मला नाइट व्हिजन लावायचं आहे, चालेल का' असं मोघम विचारू नका, मोघम उत्तर येतं. उपकरणाचं पूर्ण नाव, प्राणी आणि जागा लिहा.

परवानगी देणाऱ्या ठेकेदाराने, हेही साठीच्या पुढचे, एकच अट घातली: आधी कागदावर गोळ्या मारून दाखव. उपकरण पुढे लावलं की गोळी थोडी सरकते, आणि प्रत्येक वेळी काढून लावल्यावर तिथेच येते का हे बघावं लागतं. थर्मलमध्ये कागदाचं लक्ष्य दिसतच नाही, कारण सगळा कागद सारखाच थंड. हात गरम करायच्या पुड्या मिळतात ना, त्यातली एक लक्ष्याच्या मधोमध चिकटवायची. पांढरा ठिपका चमकतो. मार्चच्या थंडीत तीन शनिवार आणि चाळीसेक काडतुसं गेली. माझी गोळी १०० मीटरवर चार सेंटिमीटर डावीकडे जात होती. स्कोपची मोठं दाखवण्याची पट कमी ठेवली, तीनच्या आसपास, तेव्हा चित्रही स्वच्छ झालं.

मेची रात्र

मे महिना म्हणजे नुकता पेरलेला मका. डुकरं सरीने चालत एकेक बी उकरून खातात, सरळ रेषेत, जणू पेरणीयंत्र उलटं फिरवलंय. आजोबांनी फोन केला, काल रात्री आली होती.

८ मेला संध्याकाळी साडेसातला मचाणावर चढलो. बंदुकीवर फक्त दिवसाचा स्कोप, फोरझाट्स पिशवीत. पावणेनऊला कडेच्या झाडीतून नर रो-हरीण आलं, शांत, चाळीस पावलांवर. त्याचा हंगाम १ मेला सुरू झालेला. दिवसाच्या स्कोपमधून, सूर्य मावळल्यानंतर दीड तासापर्यंत, कायद्याने चाललं असतं. मला ते नको होतं, मी नुसता बघत राहिलो. पण समजा हवं असतं आणि उपकरण स्कोपवर चढवलेलं असतं, तर त्या एका गोळीत परवाना, बंदूक, तिजोरीतलं सगळं जाऊ शकलं असतं. विश्वासार्हता एकदा गेली की पुन्हा नऊ आठवडे वाट बघून मिळत नाही. म्हणून गडद अंधार होईपर्यंत उपकरण पिशवीबाहेर काढायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. आधी हातातल्या दुर्बिणीने बघायचं, डुक्कर आहे याची खात्री करायची, मगच जोडायचं. तीस सेकंद लागतात. त्या तीस सेकंदांत डुकरं गेली तर गेली.

सव्वाअकराला आली. हातातल्या दुर्बिणीत आधी एक मोठा पांढरा डाग, मग मागे दुसरा, मग गवतात बारीकबारीक ठिपके. उपकरण जोडलं. स्कोपमधून सगळं स्वच्छ: दोन मोठ्या, आणि त्यांच्या पोटाखाली लुडबुडणारी सात पिल्लं. थर्मलमध्ये पिल्लांच्या अंगावरचे पट्टे दिसत नाहीत, पण चाल लपत नाही. पिल्लं सांभाळणाऱ्या मादीला मारणं हा इथे दंडाचा नव्हे, फौजदारीचा विषय आहे. ते नसतं तरी वहीत दोनदा अधोरेखित केलेलं होतंच.

तशी तर पिल्लांवर बंदी नव्हती. ठेकेदाराने त्यासाठीच तर पाठवलं होतं. मी सुरक्षा-खटक्यावर अंगठा ठेवून बराच वेळ बघत राहिलो. ती एका जागी थांबत नव्हती, सतत आयांच्या पायांत. एक वेगळी निघेल म्हणून वाट बघितली. निघाली नाही. मग वारा फिरला, मोठीने मान वर केली, आणि दहा सेकंदांत शेत रिकामं.

उपकरण काढलं, बोल्ट उघडला, काडतुसं खिशात, खाली उतरलो. ठेकेदाराला संदेश पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उद्या पुन्हा."

घरी पोचलो तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार झालेले, म्हणजे बाबा उठलेले. फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांना उपकरणाचंच जास्त कौतुक.

"मंग त्यातून अंधारात सारं दिसते?"

"सारं दिसतं."

"एक इकडे आणता नाही येत का? बंदूक नाही लागत मले. नुसतं दिसलं पाहिजे, कोणत्या बाजूनं येऊन रायले ते."

मी सांगितलं, अशी उपकरणं युरोपाबाहेर न्यायची तर निर्यातीच्या परवान्याचा प्रश्न येतो, आणि तिकडच्या विमानतळावरचं वेगळंच. ते थोडा वेळ गप्प राहिले. मागे कोंबडा ओरडत होता.

"किती होते म्हणतो?"

"नऊ."

"हं," ते म्हणाले. "आपल्याकडं परवा बारा होते."